शिनोळीच्या अलीकडचं भाडेपत्र

परड्यात, तुळशीकट्ट्याच्या मागे, भिंतीला धरून एक पितळी व्हॉल्व होता. मोटर लावली की पाणी गच्चीवरच्या दोन टाक्यांत जायचं, एक आमची आणि एक माडीवरच्या भाडेकरूंची. हा व्हॉल्व फिरवला की माडीच्या टाकीत पाणी चढत नसे. घर बांधताना ह्यांनी प्लंबरला तो मुद्दाम खाली बसवायला लावला होता. मालकाच्या हाताखाली असलेला बरा, म्हणाले होते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी तो फिरवला आणि दीड दिवस तसाच ठेवला.

माडीवर नऊ वर्षं राहिलेलं कुटुंब होतं. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. का थकलं होतं, तर स्लॅब गळत होता आणि मी दुरुस्त करून देत नव्हते. पाऊस ओसरू दे, मग गवंडी बोलावते, हे माझं पालुपद. बेळगावात जूनमध्ये ‘पाऊस ओसरू दे’ म्हणणारा माणूस नवरात्रापर्यंत तेच म्हणत बसतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी भाडं अडवलं, मी पाणी अडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातली म्हातारी रिकामी घागर घेऊन खाली आली, काही न बोलता माझ्या अंगणातल्या नळाखाली घागर लावली आणि उभी राहिली. घागर भरेपर्यंत आम्ही दोघी नळाकडेच बघत होतो. ती वर गेल्यावर मी परड्यात जाऊन व्हॉल्व उघडला.

मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई. मुलांना नागरिकशास्त्रही शिकवलं. आणि आपण केलं ते बेकायदा आहे, हे मला दहा महिन्यांनी एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं.

ते कुटुंब २०२४ च्या मे महिन्यात घर सोडून निघालं, तेव्हा डिपॉझिटवरून वाजलं. ह्यांनी कधी कागद केलाच नव्हता. माझ्या आठवणीत तीस हजार, त्यांच्या आठवणीत चाळीस. हे गेले २०१९ मध्ये, विचारणार कुणाला? शिवाय त्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच गवंडी लावून वर डांबर आणि सिमेंट मारून घेतलं होतं. त्याचे साडेसहा हजार त्यांना हवे होते. मी म्हटलं, मला न विचारता केलंत. ते म्हणाले, विचारून-विचारून दमलो की ओ काकू. खरं होतं ते, पण तोंडावर आल्यावर कोण कबूल करतं?

माझा एक विद्यार्थी कोर्टात वकिली करतो. चौथीत असताना पाढे म्हणताना सतरावर अडकायचा. त्याच्याकडे गेले. त्याने खुर्ची पुसून दिली, “बसा की बाई,” म्हणाला आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “भाडं किती घेत होतासा?”

“सहा हजार.”

“मग रेंट ॲक्ट नाही लागायचा.”

मला वाटलं, सुटले. मी तसं बोलूनही दाखवलं. तो हसला. कर्नाटकाचा भाडे कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ डिसेंबर २००१ ला. त्याच्यात भाड्याची मर्यादा आहे: काही शहरांत महिना ३,५०० रुपये, बाकीच्या ठिकाणी २,०००. त्याच्या वर भाडं असलं की घर त्या कायद्याच्या बाहेर. आज शहापूर, वडगाव, अनगोळ कुठंही बघा, दोन खोल्याही त्या रकमेत मिळत नाहीत, म्हणजे बहुतेक नवी घरं बाहेरच. “पण बाहेर म्हणजे मोकळं रान नव्हे बाई. तिथं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बसलाय. कलम १०८ वाचा.” आणि त्याने ते इंग्रजीतून काढून मला मराठीत समजावलं. मी वहीत उतरवून घेतलं, शिक्षिकेची सवय.

करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर हे कलम लागू होतं. घरात एखादा मोठा दोष असेल, जो मालकाला माहीत आहे आणि राहायला येणाऱ्याला साध्या नजरेने दिसणार नाही, तो मालकाने आधी सांगायचा. ताबा द्यायचा. भाडं भरून अटी पाळणाऱ्याला विनाअडथळा राहू द्यायचं. आणि माझ्या साडेसहा हजारांचं उत्तरही तिथंच होतं: जी दुरुस्ती मालकाने करायची, ती सांगूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च व्याजासकट भाड्यातून वळता करू शकतो. व्याजासकट! घरपट्टीचंही तसंच. मालकाने थकवली आणि भाडेकरूने भरली, तर ती भाड्यातून वजा.

“आणि ते पाण्याचं?” मी हळूच विचारलं.

“कुठल्या पाण्याचं?”

सांगितलं. तो दोन क्षण गप्प बसला. मग म्हणाला, “बाई, पुन्हा कधी करू नका. कुलूप लावायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही, पाणी-लाईट तोडायची नाही. घर खाली करून घ्यायचं ते नोटीस देऊन, नाहीतर कोर्टातून.” जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्न तिथं निघतच नाही, १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम ६ तेवढ्यासाठीच आहे, हेही त्याने सांगितलं. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस. ह्यांच्या काळात ‘पुढच्या महिन्यात बघा की’ एवढं बोलणं पुरत असे, ती गोष्ट वेगळी.

शेवटी हिशेब असा झाला. डिपॉझिट चाळीस हजार धरलं, कारण माझ्याकडे पावती नव्हती आणि त्यांच्याकडे निदान बँकेतून त्या दिवशी चाळीस हजार काढल्याची नोंद होती. त्यात साडेसहा हजार मिळवले, थकलेले बारा हजार वजा केले. ३४,५०० रुपयांचा चेक दिला. व्याज त्यांनी मागितलं नाही. म्हातारीने जाताना कुंकू लावलं. मला ओशाळल्यासारखं झालं.

आता माडी रिकामी. भावाचा पुण्याहून फोन. “ताई, लिव्ह अँड लायसन्स कर. घरबसल्या ऑनलाइन होतं. अंगठा द्यायचा, झालं. न नोंदवता देऊ नको, मालकालाच शिक्षा आहे.” आणि त्याने दोन मराठी लेख आणि तीन व्हिडिओ पाठवले. सगळ्यांत एकच सांगितलेलं: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी घरमालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मी घाबरून वकिलाकडे.

“बाई, हे सगळं बरोबर हाय. पण शिनोळीच्या पुढं.”

महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ते. सीमेवरच्या बाचीपर्यंत आमचा कर्नाटकाचा कायदा, पलीकडच्या शिनोळीपासून महाराष्ट्राचा. आपण मराठीत वाचतो, मराठीत शोधतो, त्यामुळे हाताला लागतं ते सगळं महाराष्ट्राचं. सातबारा असो, भाडं असो, वारसा नोंद असो. माहिती खरी असते, पत्ता आपला नसतो. आमच्या गल्लीत दोघांनी पुण्याचा नमुना जसाच्या तसा छापून सह्या केल्यात, वर महाराष्ट्राच्या कायद्याचं नाव आणि खाली ‘मुक्काम बेळगाव’. नावापुढे ‘लायसन्सी’ लिहिलं म्हणून माणूस पाहुणा होत नाही म्हणे. किल्ली दिली, पूर्ण ताबा दिला, महिन्याला भाडं घेतलं, तर कागदाला काही नाव द्या, कोर्ट त्यातला व्यवहार बघतं.

तसं बघितलं तर आमच्या या जागेला कायदे बदलायची सवय आहे. आमचं शहापूर हे सांगली संस्थानातलं. सासरे सांगायचे, पलीकडे बेळगावात इंग्रजांचं राज्य, अलीकडे पटवर्धनांचं. मग १९४८ मध्ये मुंबई राज्य, १९५६ मध्ये म्हैसूर, १९७३ मध्ये त्याचंच कर्नाटक. घर हललं नाही, भाडेकरूही फारसे हलले नाहीत, कागदाच्या डोक्यावरचं नाव तेवढं बदलत गेलं. असो.

इथे पद्धत अकरा महिन्यांच्या कराराची. कारण साधं आहे: एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार केला, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार तो सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो. न नोंदवलेला तीन वर्षांचा करार घेऊन कोर्टात गेलात, तर त्यातल्या अटी पुरावा म्हणून उभ्या राहत नाहीत. आमच्याकडे कुणी ‘लीजवर’ घर देतात, म्हणजे एकदम पाच-सात लाख घ्यायचे, भाडं नाही, जाताना रक्कम परत. माझ्या जावेने तसंच द्यायचं ठरवलं होतं. वकील म्हणाला, ते भोगवट्याच्या गहाणासारखं होतं, नोंदणी केल्याशिवाय त्यात पाऊल टाकू नका. जावेने ऐकलं नाही. तिचं ती जाणे.

माझ्या करारात पहिली अडचण माझीच निघाली. “घर कुणाच्या नावावर?” ह्यांच्या. मुलाने आणि मुलीने हक्कसोड पत्र करून दिलं होतं, नोंदणीही झाली होती, पण उताऱ्यावर माझं नाव चढवायचं मी राहूनच दिलं होतं. मेलेल्या माणसाच्या नावाने भाडेपत्र कसं करणार? जून-जुलै त्यात गेले. घरपट्टी भरलेली होती एवढंच बरं. एप्रिलमध्ये भरली की पाच टक्के सूट मिळते म्हणून ती मी कधी चुकवत नाही.

दरम्यान रंगारी आला. माडीवरच्या उत्तरेच्या खोलीत कपाटामागे ओल धरलेली, भिंतीवर नकाशासारखा पिवळा डाग, हात लावला की चुना भुगा होऊन पडायचा. रंगारी म्हणाला, “व्हाइट सिमेंट मारतो, वर दोन हात रंग. गणपतीपर्यंत काय कळत नाही.” महिनाभरापूर्वी मी हो म्हटलं असतं. पण वहीतलं पहिलंच वाक्य दोष सांगण्याचं होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत, म्हणून दर जास्त पडला. डाग मात्र तसाच ठेवला. सुकायला वेळ लागणार होता, आणि तो झाकून काही मिळणार नव्हतं.

घर बघायला गोकाककडचं एक जोडपं आलं. तो उद्यमबागकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी. मुलगी माझ्या तुळशीतली माती खाण्यात गर्क. मी त्यांना सरळ वर नेलं, कपाट सरकवून भिंत दाखवली. “हे असं आहे. गच्ची नवीन केलीय, पण भिंत सुकायला एक उन्हाळा जाईल.” दोघं कानडीत काहीतरी बोलले. मला कळलं सगळं, साठ वर्षं इथे राहून कळणार नाही तर काय, पण मी कळलं नाही असं दाखवलं. ती म्हणत होती, भिंत दाखवणारी बाई बरी दिसते. मी साडेनऊ हजार सांगणार होते, नऊ हजार सांगितले. डिपॉझिट पन्नास हजार.

डिपॉझिटबद्दलही भावाने एक पाठवलं होतं: केंद्राचा नवीन कायदा आलाय, राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते आहे २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात. पण तो नमुना आहे, एखाद्या राज्याने आपल्या विधानसभेत स्वीकारला तर त्या राज्यात लागू. पन्नास हजार म्हणजे साडेपाच महिन्यांचं भाडं. माझं मलाच जड वाटलं, पण गल्लीत हाच भाव, आणि जुन्या हिशेबाने मी पोळलेली. हे काही फार मोठ्या मनाने लिहीत नाही.

गल्लीतल्या बायकांनी विचारलं, “कानडी लोकांना दिलीस?” मी म्हटलं, भाडं रुपयांतच देणार आहेत.

कराराची भाषा हा मात्र गमतीचा भाग. टायपिंगवाल्याकडे नमुने दोन, इंग्रजी आणि कन्नड. भाडेकरूला कन्नड सोयीचं, मला दोन्ही वाचता येतात पण कायद्याचं कन्नड म्हणजे दुसरीच भाषा. मी हट्ट धरला की सही करण्याआधी प्रत्येक कलम मराठीत ऐकणार. वकिलाने तासभर बसून वाचलं. माझ्या विद्यार्थ्याला मी पहिल्यांदाच एवढं सलग वाचताना पाहिलं. त्यात एक ओळ सापडली: ‘मालक कधीही घरात प्रवेश करून पाहणी करू शकेल.’ ती नमुन्यातच होती. मी म्हटलं, कधीही म्हणजे? वाजवी वेळी, एवढंच कायद्यातलं. ती ओळ बदलली. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, तू मालकाच्या बाजूची आहेस की त्यांच्या?”

दुरुस्त्यांची वाटणीही लिहिली. स्लॅब, भिंत, मुख्य वायरिंग, ड्रेनेजची लाईन माझ्याकडे. बल्ब, नळाचा वॉशर, फ्लशची बारीकसारीक कामं त्यांच्याकडे. वापराने होणारी झीज डिपॉझिटमधून कापायची नाही. भिंतीला खिळे मारले म्हणून पैसे कापणारे मालक मला माहीत आहेत, मीही त्यांतलीच होते. आणि सामानाची यादी मी हाताने मराठीत लिहून जोडली: सीलिंग फॅन तीन, त्यातला एक आवाज करतो, गिझर एक, किल्ल्या दोन जोड, तिसरी माझ्याजवळ नाही. शेवटचं वाक्य भाडेकरूने दोनदा वाचलं.

ई-स्टँप तेव्हा एका पतसंस्थेच्या काउंटरवरून काढायचा होता. स्टँपची रक्कम भाडं आणि डिपॉझिट दोन्ही धरून काढतात. पुष्कळ लोक अंदाजाने शंभराचा कागद घेतात, तसं करू नये. कमी स्टँपचा कागद वेळेला कोर्टात पुढे केला तर उरलेली रक्कम आणि वर दहापटीपर्यंत दंड. काउंटरवरच्या मुलाने पहिला पक्ष म्हणून माझ्याऐवजी ह्यांचं नाव टाकलं, कारण मी जुना उतारा दिला होता. चूक त्याची अर्धी, माझी अर्धी. नवीन कागद काढला, पैसे गेले. शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, “पूर्वीचं बरं होतं, कोरा स्टँप घ्यायचा, पाहिजे ते लिहायचं.” मी म्हटलं, त्या कोऱ्या स्टँपांचं पुढे काय झालं ते बेळगाव जिल्ह्याला नको सांगू बाबा. खानापूरचाच होता तो बनावट स्टँपवाला तेलगी.

करार १ ऑगस्ट २०२४ पासूनचा झाला. साक्षीदार दोन, प्रत्येक पानावर सह्या, एक प्रत त्यांना. डिपॉझिट बँकेतून घेतलं आणि पावती दिली. भाडंही खात्यातच येतं, तरी दर महिन्याला पावती फाडते. पावतीपुस्तक रामदेव गल्लीतून आणलं, चाळीस रुपयांचं. त्यावर सही करताना मला अजूनही प्रगतिपुस्तकावर सही करतेय असं वाटतं.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं, हे काम मी मनातल्या मनात टाळत होते. चांगली माणसं, त्यांचे फोटो घेऊन ठाण्यात कशाला जायचं! पण आयुक्त किंवा जिल्हाधिकारी वेळोवेळी आदेश काढतात, आणि आदेश असताना माहिती दिली नाही तर पकडतात मालकाला. आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, १ जुलै २०२४ च्या आधी दंडसंहितेचं १८८ होतं. भाडेकरूच म्हणाला, “चला काकू, मी येतो.” फॉर्म, फोटो, आधारची झेरॉक्स, आधीचा पत्ता. वीस मिनिटांत झालं. पोच मागून घेतली. मागच्या गल्लीत मेडिकलला आलेली परदेशी मुलं ठेवतात, त्यांच्या मालकाला चोवीस तासांच्या आत त्यांची माहिती ऑनलाइन भरावी लागते. त्यापुढे माझं काहीच नाही.

खरा घोळ झाला तो विजेत. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिना दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत, आणि भाडेकरूलाही ती मिळते, मीटरच्या आर.आर. नंबरला त्याचं आधार जोडलं की. माझ्या माडीला स्वतंत्र मीटर आहे, ही ह्यांची पुण्याई. पण त्या आर.आर. नंबरला अजून जुन्या भाडेकरूचं आधार चिकटलेलं. ते जिथे राहायला गेले तिथे त्यांचाही अर्ज अडलेला! त्यांनी घर सोडताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. जोडलेलं आधार काढून टाकायची सोय तेव्हा नुकतीच झाली होती. मी जुन्या भाडेकरूला फोन केला. व्हॉल्व प्रकरणानंतर आम्ही धड बोललो नव्हतो. ते म्हणाले, “ओटीपी येतो माझ्या मोबाइलला, मी येतो की ओ.” आले, माझ्या सोप्यात बसून सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर ते काम केलं, चहा घेतला, वरच्या नव्या माणसाची ओळख करून घेतली आणि त्याला म्हणाले, “उत्तरेच्या खोलीत कपाटामागं बघितलासा?” तो म्हणाला, “काकूंनी दाखवलंय.” जुना भाडेकरू माझ्याकडे बघून हसला. मी कपबश्या उचलायला आत गेले.

ज्यांच्याकडे एकच मीटर आणि वर-खाली दोन कुटुंबं, त्यांचं सगळंच अवघड. दोघांचं मिळून दोनशेच्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं, आणि मग सब-मीटरवरून दर महिन्याला भांडण. आमच्या समोरच्या घरी चालतं ते, खिडकीतून ऐकू येतं.

पुढल्या एप्रिलमध्ये भाडेकरूने माझं पॅन मागितलं. मला लगेच शंका. फोनवरून पॅन मागून पैसे काढणारे लोक रोज पेपरात येतात. त्याने समजावलं की वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्त्याची करसवलत घेताना त्याला ऑफिसात मालकाचं पॅन द्यावं लागतं. नऊ हजार गुणिले बारा, एक लाख आठ हजार. म्हणजे माझं भाडं आता सरकारला दिसणार. ह्यांच्या काळात ते रोख यायचं आणि किराण्यात जायचं. कुणी विवरणपत्रात लिहिल्याचं मला आठवत नाही. सीएकडे गेले. त्याने पाटीवर गणित मांडल्यासारखं सांगितलं: एक लाख आठ हजारांतून माडीच्या वाट्याची भरलेली घरपट्टी, समजा तीन हजार, वजा. उरले एक लाख पाच हजार. त्यातून सरसकट तीस टक्के, म्हणजे ३१,५००, दुरुस्ती वगैरेसाठी सोडतात, मग तुम्ही दुरुस्ती करा नाहीतर करू नका. राहिले ७३,५००, ते पेन्शनमध्ये मिळवायचे. म्हणजे मी ज्या वर्षी गवंडी बोलावला नव्हता, त्या वर्षीचीही दुरुस्तीची सवलत मला मिळत होती.

जून २०२५ च्या अखेरीस अकरा महिने संपले. मुदत संपूनही ते राहिले आणि मी भाडं घेत राहिले, तर करार आपोआप महिन्या-महिन्याचा होतो, म्हणून आधीच नवीन कागद केला. भाडं वाढवलं नाही. डाग फिका झालाय, गेला नाही.

जुलैत पुन्हा पाणी आलं, उत्तरेला नव्हे, जिन्याच्या डोक्यावर. भाडेकरूच्या बायकोने फोटो पाठवला, रात्री साडेदहाला. सकाळी गवंडी बोलावला, तो तिसऱ्या दिवशी आला, हे आमच्याकडे लवकर म्हणतात. अठराशे पन्नास रुपये बिल. ते कराराच्या फाइलला लावलं.

त्याच आठवड्यात प्लंबर बोलावला. म्हटलं, परड्यातला व्हॉल्व काढ आणि वर त्यांच्या टाकीपाशी बसव, मोटरचं एक बटण जिन्यात काढून दे. त्याने पितळी व्हॉल्ववर पान्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

“कशाला ओ बाई? खालीच बरं की. उद्या भाडं थकवलं तर?”

“थकवलं तर नोटीस देईन,” मी म्हटलं. “तू फिरव पान्हा.”